जंतूचा पंचनामा

नाहूरचे रेल्वेस्थानक भांडुप आणि मुलुंड यांच्या मधोमध २००६ साली सुरू झाले, म्हणून नवख्या प्रवाशाला ती वस्तीही नवी वाटते. परंतु गाव जुने आहे, आणि आज महानगरपालिकेच्या ‘एस’ व ‘टी’ या दोन विभागांच्या शिवेवर ते वसले आहे. पश्चिमेस, ज्या रस्त्याला जुनी माणसे अद्याप आग्रा रोड म्हणतात त्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा, एके काळी कारखान्यांच्या भोंग्यांवर घड्याळे लावली जात. पूर्वेस द्रुतगती महामार्गापलीकडे मुलुंडचे डंपिंग, जेथे १९६७ पासून ऑक्टोबर २०१८ पर्यंत, अर्धशतकाहून अधिक काळ, २४ हेक्टर भूमीवर शहराने आपला सुमारे ७० लाख टन कचरा रचला. भल्या पहाटे या परिसरातील हजेरी चौक्यांसमोर झाडूवाले, कचऱ्याच्या गाडीवरचे मोटरलोडर आणि नालेसफाईची माणसे गोळा होतात, मुकादम नावे पुकारतो, आणि ज्याचे नाव पुकारले गेले असता उत्तर येत नाही त्याच्या जागी त्याच दिवशी दुसरा माणूस उभा राहतो. त्या न आलेल्या माणसाविषयी विचारले म्हणजे बहुधा एवढेच ऐकू येते: ताप आला, गावी गेला. त्यापुढे त्याचे काय झाले, तो ताप कशाचा होता, आणि तो ज्या गटारात अथवा ज्या ढिगावर उभा राहून काम करीत होता त्या गटाराशी वा ढिगाशी त्या तापाचा काही संबंध होता काय, याची चौकशी करणारा कोणी नसतो.

याच माणसाचा हात कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात सापडला असता तर प्रकार निराळा झाला असता. पोलीस आले असते, पंचनामा झाला असता, अपघाताची वेळ, स्थळ आणि साक्षीदार यांची नोंद झाली असती, आणि पुढे कंत्राटदाराने कितीही टाळाटाळ केली तरी त्या कागदावरून कामगार न्यायालयात दाद मागता आली असती. रोगाला असा पंचनामा नाही. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू पायाच्या भेगेतून शरीरात शिरल्यावर ताप यावयास बहुधा ५ ते १४ दिवस लागतात, क्वचित महिनाही लागतो. क्षयाचा जंतू तर महिनेच काय, वर्षानुवर्षे फुप्फुसात निद्रिस्त राहू शकतो. जी इजा डोळ्यांना दिसत नाही, जिची घटिका सांगता येत नाही आणि जी कामावरून घरी गेल्यावर, कधी काम सुटल्यावरही, प्रकट होते, तिची भरपाई कोणी द्यावयाची, हा प्रश्न या लेखाचा विषय आहे. आणि तो जितका अनुत्तरित समजला जातो तितका तो वास्तविक नाही, हे मला वाचकांच्या नजरेस आणावयाचे आहे.

या प्रश्नाची मुळे मुंबईतच आहेत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज सरकारदरबारी धाडला, त्यात साप्ताहिक सुटी आणि दुपारची विश्रांती यांच्या मागण्यांबरोबरच आणखी एक कलम होते, ज्याची आठवण सुटीच्या रविवारइतकी राहिलेली नाही: गिरणीत काम करताना जो जायबंदी होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी. हिंदुस्थानात नुकसानभरपाईचा कायदा होण्यापूर्वी जवळजवळ ४० वर्षे ही मागणी एका सत्यशोधक मराठी माणसाने लेखी मांडली. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. व्हिएगस यांनी ओळखला, आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच प्लेगने लोखंडे यांना नेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत हेही १९०५ साली प्लेगच्याच रुग्णांची शुश्रूषा करताना मृत्यू पावले. या तिघांना आपण हुतात्म्यांच्या पंक्तीत बसवतो ते योग्यच आहे. परंतु त्या वर्षांत ज्या शेकडो अनाम भंग्यांनी, वॉर्डबॉयांनी आणि प्रेतवाहकांनी प्लेगची घरे धुतली आणि प्रेते उचलली, त्यांनी ते काम रोजीसाठी केले होते, आणि त्यांच्यापैकी जे मेले त्यांच्या मागे राहिलेल्यांना आदराची नव्हे, धान्याची गरज होती. तिची तरतूद तेव्हा कोणत्याही कायद्यात नव्हती.

जंतूला अपघात म्हणावयाचे की नाही, हा वाद त्याच सुमारास विलायतेत लोकरीच्या एका गोणीपाशी पेटला. गालिचे विणणाऱ्या एका कारखान्यात लोकर निवडणाऱ्या कामगाराच्या डोळ्यात लोकरीतून अँथ्रॅक्सचा, म्हणजे फाशी रोगाचा, जंतू गेला आणि तो मरण पावला. मालकाचे म्हणणे असे की हा रोग आहे, अपघात नव्हे, आणि कायदा केवळ अपघाताचा मोबदला देतो. १९०५ साली ‘ब्रिंटन्स विरुद्ध टर्व्ही’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने निर्णय दिला की, लोखंडाचा कीस उडून डोळ्यात जाणे हा जर अपघात असेल तर जंतू उडून डोळ्यात जाणे हाही अपघातच होय. जंतू सूक्ष्म आहे एवढ्यावरून त्याचा आघात लटका ठरत नाही. दुसऱ्याच वर्षी तेथील कायद्यात सहा व्यवसायजन्य रोगांची यादी जोडली गेली, आणि त्यात अँथ्रॅक्सला स्थान मिळाले.

आपल्याकडचा कामगार नुकसानभरपाई अधिनियम १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्यात आरंभापासून अँथ्रॅक्स होता: लोकर, केस, कातडी हाताळणाऱ्या कामगाराला तो झाला तर तो कामातून उद्भवलेला अपघात समजावा, आणि तसे नाही हे दाखविण्याचा भार मालकावर राहावा. या शेवटच्या वाक्याकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे. सर्वसाधारण फिर्यादीत जो मागतो त्याने सिद्ध करावयाचे असते. येथे कायद्याने शंभर वर्षांपूर्वी हा क्रम उलटा केला, कारण कायदा करणाऱ्यांना एवढे समजले होते की, कातडी कमावणाऱ्या अशिक्षित कामगाराने आपल्या रक्तात जंतू कोणत्या गोणीतून शिरला हे सिद्ध करावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याला मोबदला नाकारणेच होय.

१९८४ साली या कायद्याचे तिसरे परिशिष्ट, म्हणजे व्यवसायजन्य रोगांची यादी, नव्याने लिहिले गेले, आणि एकट्या अँथ्रॅक्सच्या जागी एक व्यापक नोंद आली. ज्या व्यवसायात संसर्गाचा विशेष धोका आहे त्या व्यवसायात जडलेले संसर्गजन्य आणि परोपजीवी रोग, अशी तिची भाषा आहे. आणि तिच्याखाली आरोग्यसेवा व प्रयोगशाळा यांतील काम, पशुवैद्यकीय काम, जनावरे व त्यांची मढी हाताळण्याचे काम, आणि शेवटी, ‘संसर्गाचा विशेष धोका असलेले अन्य काम’ असे चार प्रकार सांगितले आहेत. या चौथ्या प्रकारात गटारसफाई, नालेसफाई आणि डंपिंगवरचे काम बसते, असे माझे स्पष्ट मत आहे. संसर्गाचा विशेष धोका त्या कामात नसेल तर तो कोणत्या कामात असतो, हे सांगणे कोणाही प्रामाणिक माणसाला कठीण जाईल. राज्य कामगार विमा अधिनियमाच्या परिशिष्टातही हीच नोंद होती. २०२० साली संमत झालेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने हे दोन्ही जुने कायदे आपल्यात सामावून घेतले, तेव्हाही ही नोंद तशीच पुढे आली.

रोगाला तारीख नसते, या अडचणीचाही विचार कायद्याने केलेला आहे, आणि तो इतका व्यवहारी आहे की वाचताना नवल वाटते. व्यवसायजन्य रोगाच्या बाबतीत, त्या रोगामुळे कामगार ज्या दिवसापासून सलग गैरहजर राहिला तो पहिला दिवस म्हणजे अपघाताचा दिवस समजावा, असे १९२३च्या कायद्याचे दहावे कलम सांगत असे. काम सुटल्यानंतर ठराविक मुदतीत रोगाची लक्षणे दिसली तर ती प्रथम आढळली तो दिवस धरण्याचीही सोय त्यात होती. म्हणजे जंतूचा पंचनामा कायद्याने मुकादमाच्या हजेरीपटात शोधला. पहाटे पुकारलेल्या नावाला जेव्हा उत्तर येत नाही, त्या क्षणी दाव्याची तारीख कागदावर पडलेली असते. नाहूरच्या चौकीसमोर घडते ते नेमके याच्या विरुद्ध: उत्तर आले नाही म्हणून नाव खोडले जाते, बदली माणूस उभा राहतो, आणि जी नोंद पुराव्याची व्हावयाची तीच नाहीशी होते.

नाव खोडता येते, कारण ते नाव मुळात कामगार म्हणून लिहिलेले नसते. मुंबईच्या सफाईत ‘हैदराबाद पॅटर्न’ नावाची एक पद्धत आली, जीत कचरा उचलणाऱ्या माणसांना कंत्राटी संस्थांमार्फत ‘स्वयंसेवक’ म्हणून नेमण्यात आले. वस्त्यांच्या सफाईसाठी आलेल्या दत्तक वस्ती योजनेतही वेतनाऐवजी मानधन हाच शब्द रूढ झाला. जो स्वयंसेवक आहे त्याला मालक नसतो, ज्याला मालक नाही त्याला नुकसानभरपाई नसते. एका शब्दाच्या निवडीने हजारो माणसे कायद्याच्या छपराबाहेर काढली गेली, ही गोष्ट मला कोणत्याही जंतूइतकीच घातक वाटते. मिलिंद रानडे यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा प्रश्न औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेला. तेथे अनुकूल निकाल मिळाल्यावर महानगरपालिका वरच्या न्यायालयांत गेली, आणि अखेर एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम कामगार म्हणून मान्य करणारा निकाल उचलून धरला. तो लढा पगाराचा आणि कायमपणाचा होता. परंतु ज्याला कामगार ही संज्ञा प्राप्त झाली त्याच्या रोगालाही प्रथमच मालक प्राप्त झाला, हा त्याचा अर्थ मला तितकाच मोलाचा वाटतो.

जे अजून कंत्राटदाराच्या पटावर आहेत, त्यांच्याकरिताही कायदा मुका नाही. १९२३च्या अधिनियमाच्या बाराव्या कलमाने असे ठरविले होते की, जे काम मूळ संस्थेच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग आहे ते तिने कंत्राटदाराकडून करवून घेतले तरी भरपाई मूळ संस्थेकडून मागता येते, आणि तिने ती मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी. स्थानिक संस्थेचे कर्तव्य हाच तिचा व्यवसाय समजावा, असेही त्या कायद्यात स्वतंत्रपणे म्हटले होते. कंत्राटदार बदलला, संस्था बंद पडली, जुना मालक सापडत नाही, या सबबींना म्हणून जागा उरत नाही. वकिलांना हे ठाऊक असते. तापाने फणफणलेल्या माणसाच्या पत्नीला ते कोणी सांगत नाही.

रुग्णालयांची स्थिती अशी की, तेथे कायदा सर्वांत स्पष्ट आहे आणि वहिवाट सर्वांत गप्प. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांना स्वतःलाच क्षय जडल्याच्या बातम्या मुंबईकरांनी वर्षानुवर्षे वाचल्या आहेत, आणि त्यांतील कित्येक दगावलेही. दूषित सुई टोचली गेली असता संसर्ग होण्याचा संभव वैद्यकशास्त्राने मोजून ठेवला आहे: एचआयव्हीचा हजारात सुमारे ३, ‘क’ प्रकारच्या काविळीचा शंभरात ३ पर्यंत, आणि लस न घेतलेल्या माणसास ‘ब’ प्रकारच्या काविळीचा शंभरात ३० पर्यंत. सुई डॉक्टरच्या बोटाला टोचली तर तो ताबडतोब नोंद करवतो आणि औषध घेतो. तीच सुई कचऱ्याच्या पिशवीतून आरपार येऊन मोटरलोडरच्या तळव्यात घुसली म्हणजे तो हात झटकतो, फडके गुंडाळतो आणि पुढची पिशवी उचलतो. कारखान्यासाठी मात्र नोंदीची सोय होती: तेथील कामगाराला यादीतील रोग आढळताच कारखाना निरीक्षकांना कळविण्याचे बंधन १९४८च्या कारखाने अधिनियमाने डॉक्टरवर घातले होते, आणि त्या यादीत अँथ्रॅक्स होता. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळविणे बंधनकारक आहे. म्हणजे सरकार प्रत्येक क्षयरोग्याची गणती करते. तो क्षयरोगी कोठे काम करीत होता ही माहिती मात्र भरपाई ठरविणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत जाण्याची वाट कोणी बांधलेली नाही.

मग कोविड आला. नाहूरहून जवळच, मुलुंडला, रिचर्डसन अँड क्रुडास या जुन्या पोलादी बांधकामाच्या कंपनीच्या आवारात जुलै २०२० मध्ये सिडकोने उभारलेले भव्य कोविड केंद्र सुरू झाले. ज्या भूमीवर एके काळी कारागीर गर्डर घडवीत तेथे ओळीने खाटा लागल्या, आणि त्या खाटांमधून फिरणारी बहुतेक माणसे मुदतीच्या नेमणुकीवर होती. केंद्र सरकारने ३० मार्च २०२० पासून आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना सुरू केली होती. आशा सेविकांनाही तिचा लाभ देऊ केला होता, आणि ते निःसंशय चांगले काम होते. परंतु या योजनेमुळे एक गोष्ट डोळ्याआड झाली: कोविड वॉर्डातील परिचारिका, वॉर्डबॉय आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांचा आजार १९८४च्या नोंदीप्रमाणे आधीपासूनच व्यवसायजन्य ठरत होता, आणि तेथे सिद्ध करण्याचा भार मालकावर होता. विम्याच्या योजनेत तो भार मृताच्या वारसांवर आला.

याचा प्रत्यय खाडीपलीकडच्या नवी मुंबईतील एका डॉक्टरांच्या प्रकरणात आला. दवाखाने बंद ठेवू नयेत अशी नोटीस महानगरपालिकेने मार्च २०२० च्या अखेरीस त्यांना दिली. त्यांनी दवाखाना चालू ठेवला. जूनमध्ये ते कोविडने गेले. त्यांच्या पत्नीचा विमा अर्ज या कारणाने फेटाळला गेला की, त्यांची सेवा सरकारने रीतसर ताब्यात घेतलेली नव्हती, आणि मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२५ रोजी हा निर्णय फिरविला: साथीच्या काळातील कायदे, नोटिसा आणि हुकूम एकत्र वाचले असता डॉक्टरांच्या सेवा शासनाने मागविल्याच होत्या, प्रत्येकाच्या नावाने निराळे पत्र निघावयास हवे होते असे म्हणता येत नाही. या निकालाने फार मोठा अन्याय दूर केला. तरीही त्यातच असे म्हटले आहे की, मृताने कोविडचे काम करताना प्राण गमावले हे विश्वासार्ह पुराव्याने दाखविण्याची जबाबदारी दावेदाराची आहे. योजनेच्या शब्दांनुसार न्यायालयाला दुसरे काही म्हणता आले नसते, हे मी जाणतो. पण १९२३ साली कातडी कमावणाऱ्याला, रोग कामातूनच जडला असे समजण्याचे, जे गृहीतक मिळाले ते २०२० सालच्या डॉक्टरच्या विधवेला मिळाले नाही, ही वस्तुस्थिती राहतेच. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२० मध्ये आरोग्यसेवक आणि अग्निशामक यांच्यासाठी असेच गृहीतक नवा कायदा करून निर्माण केले. आपल्याला नवा कायदा करण्याचीही आवश्यकता नव्हती.

राज्य कामगार विमा महामंडळाने निराळा मार्ग धरला. त्याच्या कोविड साहाय्य योजनेत विमाधारक कामगार कोविडने गेला असता, रोग कामावर जडला की घरी, हे न विचारता, सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम कुटुंबाला दरमहा देऊ केली. मालक आणि कामगार यांना न्यायालयात समोरासमोर उभे न करणारी ही पद्धत मला अधिक माणुसकीची वाटते. परंतु महामंडळाच्या छत्राखाली येण्यासाठी वेतन २१,००० रुपयांपर्यंत असावे लागे, आस्थापना नोंदलेली असावी लागे, आणि कंत्राटदाराने कामगाराचे नाव महामंडळाकडे नोंदविलेले असावे लागे. आणि वर्गणी कापून घेऊन नाव मात्र न नोंदविणारे कंत्राटदार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या तिसऱ्या अटीचे वजन ठाऊक आहे.

रकमेचाही विचार करू. जुन्या कायद्याने मृत्यूची भरपाई वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून काढली जाई, आणि जानेवारी २०२० पासून वेतनाची मर्यादा १५,००० रुपये धरली गेली. ४० वर्षांच्या कामगारासाठी गुणक १८४.१७ होता; तेव्हा रक्कम १३,८१,२७५ रुपये होई. एका महिन्यात ती जमा केली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विलंब असमर्थनीय ठरला तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. गटारातील विषारी वायूने मेलेल्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरविले. तेच गटार, तोच माणूस. वायूने गेला तर वर्तमानपत्रात नाव येते आणि ३० लाखांचा हुकूम होतो, त्याच पाण्यातील लेप्टोने दहा दिवसांनी गेला तर १३ लाखांचा दावाही दाखल होत नाही. या दोन मृत्यूंत भेद करण्याजोगे एकही नैतिक कारण मला सापडलेले नाही.

तेव्हा माझी विनंती सर्वप्रथम डॉक्टरांना आहे, आणि त्यातही भांडुप, नाहूर, मुलुंड या पट्ट्यातील महापालिकेच्या दवाखान्यांत आणि खाजगी दवाखान्यांत रोज शेकडो तापाचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना: रुग्ण काय काम करतो, कोठे करतो आणि कोणाकडे करतो, हे केसपेपरवर लिहा. ‘मजूर’ एवढे लिहून थांबू नका. नालेसफाई, कचरा वाहतूक, रुग्णालयातील सफाई, असे स्पष्ट लिहा, आणि शेवटचा कामाचा दिवस कोणता तेही लिहा. मुकादमांना विनंती ही की, आजारी माणसाचे नाव खोडू नका, त्यापुढे गैरहजेरी मांडा. संघटनांना विनंती ही की, पगारवाढीच्या मागणीपत्रात रोगाच्या दाव्याचे एक कलम घाला, आणि प्रत्येक चौकीवर एक माणूस असा ठेवा की जो ताप येऊन गावी गेलेल्या सोबत्याच्या घरी पत्र धाडील. आणि ज्या वाचकाच्या दारातला कचरा उद्या सकाळी एखादा ओळखीचा माणूस नेण्यास येणार नाही, त्याने तो का आला नाही, एवढे विचारावे. आजारी असल्याचे कळले तर त्याच्या घरच्यांना सांगावे की हजेरीची आणि दवाखान्याची कागदपत्रे जपून ठेवा, कारण दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती पहिल्या गैरहजेरीच्या दिवसापासून मोजली जाते.